चीक, पान्हा आणि ब्लाउजवरचा डाग

मुलांनो, खरवस कुणाकुणाला आवडतो? वर्गात हा प्रश्न विचारला की सगळे हात वर जातात आणि खाली यायचं नाव घेत नाहीत. पण खरवस कशाचा करतात असं विचारलं, की शहरातून आलेली मुलं एकमेकांची तोंडं बघतात आणि गोठा असलेल्या घरातली मुलं ओरडतात, "चिकाचा, बाई, चिकाचा!"

बरोबर. गाय किंवा म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस तिला येणारं दूध नेहमीसारखं नसतं. ते पिवळसर, दाट आणि चिकट असतं. तोच चीक. त्यात गूळ नि वेलदोडा घालून वाफवलं की तो आपला आपण थिजतो. विरजण नको, काही नको. चिकात प्रथिनं खच्चून भरलेली असतात आणि अंडं उकडल्यावर जसं घट्ट होतं, तशी ही प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात. त्यातली कितीतरी प्रथिनं म्हणजे रोगांशी लढणारे शिपाईच. नुकत्या जन्मलेल्या वासराच्या अंगात असे शिपाई जवळजवळ नसतात, ते त्याला चिकातूनच मिळतात. म्हणून शहाणा गवळी आधी वासराला पोटभर पाजतो आणि मग उरलेला चीक शेजारीपाजारी वाटतो.

माणसाच्या आईलाही असाच चीक येतो. थोडासाच येतो, पण बाळाचं पोटही तेव्हा इवलंसं असतं. बाळाची ती पहिली लस आहे म्हणा ना! तरीसुद्धा आपल्याकडे कित्येक घरांत हे पिवळं दूध 'खराब' म्हणून पिळून टाकायची आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवायची पद्धत होती. काही घरांत अजून आहे. मला हे कधी समजलेलंच नाही. गाईचा चीक आपण चाटूनपुसून खातो आणि आईचा चीक मोरीत ओततो! वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये. त्यातल्या एका प्रकारच्या जंतूंनी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, आजचा विषय आहे स्तन. शब्द वाचून काहीजण खुदकन हसले असतील. हसून घ्या एकदाचं. मग नाक, कान, गुडघा ह्यांच्याइतक्याच साधेपणानं पुढचं वाचा. आणि आई-बाबांनो, हे पान मुलांच्या हातातून काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि बरोबरीनं वाचा. ह्यात तुमच्यासाठीही पुष्कळ आहे.

बाळाच्या छातीतलं दूध

घरात नवीन भाऊ किंवा बहीण आली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीकधी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. बाळाची छाती थोडी फुगलेली असते. हात लावला तर आत लहानशी गाठ लागते आणि बोंडातून दुधासारखा थेंब येतो. मुलगी असो की मुलगा, दोघांनाही! पोटात असताना आईच्या रक्तातली काही द्रव्यं बाळाकडे गेलेली असतात, त्यांचा हा परिणाम. युरोपात जुन्या काळी लोक ह्याला 'चेटकिणीचं दूध' म्हणत. चेटकीण-बिटकीण काही नाही. काही आठवड्यांत हे आपोआप नाहीसं होतं.

पण आपल्याकडे मालिश करणारी बाई येते आणि म्हणते, "हे पिळून काढलं पाहिजे, नाहीतर मोठेपणी त्रास होईल." मग ती तेलाच्या हातानं ते दाबते, बाळ कळवळून रडतं आणि घरातले म्हणतात, रडू दे, छाती मोकळी होते. असं करू द्यायचं नाही, बरं का! दाबल्यानं नाजूक त्वचेला इजा होते, जंतू आत शिरतात आणि पू होतो. काही बाळांना त्यासाठी रुग्णालयात चीर द्यावी लागते. तुम्ही घरात असाल तर सरळ सांगा, "आजी, बाईंनी सांगितलंय, दाबायचं नाही." छाती लाल झाली, गरम लागली किंवा बाळाला ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला हवं.

वाटाण्याएवढी मालकीण

स्तनाच्या आत असतं तरी काय? द्राक्षाचा घड डोळ्यांपुढं आणा. बारीक बारीक पिशव्यांचे घोस, त्यांना जोडलेल्या बारीक नळ्या आणि ह्या नळ्या येऊन मिळतात त्या टोकाला, म्हणजे स्तनाग्राला. असे १५ ते २० घड एका स्तनात असतात. भोवती चरबी असते. पिशव्यांत दूध तयार होतं, नळ्यांतून बाहेर येतं.

दूध तयार करा, असा हुकूम देणारी मालकीण मात्र छातीत नसतेच. ती असते मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी. तिचं नाव पीयूषिका ग्रंथी. पीयूष म्हणजे अमृत, किंवा व्यालेल्या गाईचं पहिलं दूध. किती नेमकं नाव आहे, नाही? ही ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते आणि दूध तयार होऊ लागतं. बाळ पिऊ लागलं, नुसतं रडलं तरीसुद्धा, दुसरं एक द्रव्य सुटतं, ऑक्सिटोसिन. त्यानं पिशव्या आवळल्या जातात आणि दूध झरझर खाली येतं. ह्यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. वासरू ढुसणी देतं तेव्हा गाय पान्हवते, तेही असंच.

ह्या प्रोलॅक्टिनला नाव कुणी दिलं ठाऊक आहे? ऑस्कर रिडल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, १९३३ साली. आणि ते अभ्यास करत होते कबुतरांचा! कबूतर आपल्या पिल्लांना गळ्यातल्या पिशवीतून दह्याच्या गोळ्यासारखा पदार्थ भरवतं. त्याला कबुतराचं दूध म्हणतात आणि ते कबुतरीण देते तसा कबूतरही देतो. ते तयार करायचा हुकूमही प्रोलॅक्टिनचाच.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की बाळ नसताना कुणाच्या छातीतून दूध आलं तर बिघाड छातीतच असेल असं नाही. हुकूम देणाऱ्या मालकिणीकडेही बघावं लागतं.

पाचवी ते नववीतल्या मुलामुलींसाठी

साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान मुलींच्या छातीत बोंडाखाली एक छोटी गाठ येते. तिला धक्का लागला तर दुखतं. पुष्कळदा ती आधी एकाच बाजूला येते. मग मुलगी घाबरते. सहावीतल्या एका मुलीनं मला वहीच्या मागच्या पानावर लिहून विचारलं होतं, 'बाई, मला कॅन्सर झालाय का?' बिचारी आठ दिवस नीट जेवली नव्हती. मुलींनो, ही वाढीची गाठ आहे. दुसऱ्या बाजूला ती काही महिन्यांनी येईल. दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या नाहीत तरी चालतं, आपले दोन्ही पाय तरी कुठं तंतोतंत सारखे असतात?

आणि मुलग्यांनो, तुम्ही पान उलटू नका. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलग्यांच्या छातीत अशीच दुखरी गाठ येते. मग मुलं पोहायला जायची बंद होतात, उन्हाळ्यात जाड शर्ट घालून बसतात आणि वर्गातली टवाळ मंडळी त्यांना नावं ठेवतात. (टवाळांनो, उद्या तुमची पाळी येऊ शकते!) बहुतेकांची ही सूज दोनेक वर्षांत आपोआप उतरते.

ह्या वयात बोंडातून एखादा थेंब आला, तर पहिली गोष्ट म्हणजे तो पुन्हा येतो का हे बघायला दाबून पाहू नका. सारखं दाबलं, चोळलं की प्रोलॅक्टिन वाढतं आणि स्राव थांबायच्या ऐवजी चालूच राहतो. कपडा सारखा घासला जाऊनही असं होऊ शकतं. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण थेंब येतोय हे आईला सांगायचं, आणि आईनं डॉक्टरांना दाखवायचं. मुलग्याला स्राव आला तर नक्कीच दाखवायचं, तो नेहमीच्या वाढीचा भाग नाही. स्रावाबरोबर डोकं वारंवार दुखत असेल, बाजूचं नीट दिसत नसेल किंवा सुरू झालेली पाळी अनेक महिने आली नसेल, तर उशीर नको. त्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीवर कधीकधी छोटी गाठ येते, बहुधा ती कर्करोगाची नसते आणि पुष्कळदा नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात येते.

आणखी एक. डॉक्टर तपासतील तेव्हा आई किंवा घरातली विश्वासाची बाई तुमच्या शेजारी हवीच. तुम्ही तसं मागू शकता. तपासणीशिवाय दुसऱ्या कुणी तिथं हात लावायचा प्रश्नच येत नाही. कुणी लावला तर घरी सांगा, आम्हा शिक्षकांना सांगा.

आता आईविषयी

आपल्या आया काय करतात माहीत आहे? तुम्हाला शिंक आली तर काढा करतात आणि स्वतःचं दुखणं मात्र बादलीत भिजत घालतात.

आमच्या शाळेत एकदा पालकसभेनंतर तिसरीतल्या एका मुलाची आई मागं रेंगाळली. सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू का? कुणाला सांगणार नाही ना?" चार महिने तिच्या ब्लाउजला आतून, उजव्या बाजूला, तांबूस डाग पडत होता. गाठ नाही, दुखणं नाही. सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून ती ब्लाउज अंधारात धुवायची. कुणीतरी सांगितलं होतं, अंगावरचं जुनं दूध राहिलंय, हळदीचा लेप लाव. अहो, मुलगा आठ वर्षांचा! त्याचं अंगावरचं सुटून सहा वर्षं झालेली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तालुक्याच्या गावी गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी झाली. दुधाच्या एका नळीत चामखिळीसारखी छोटीशी वाढ निघाली. रक्ताळलेल्या स्रावाचं नेहमी आढळणारं कारण हेच. ती काढली, तपासायला पाठवली, कर्करोग नव्हता. परत येताना एस.टी.त ती म्हणाली, "बाई, चार महिने रोज रात्री मी झोपलेल्या पोराकडे बघून रडत होते." शेजारच्या सीटवर तो पोरगा खिडकीतून बाहेर बघत शेंगा खात होता. त्याला ह्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

तेव्हा आयांनो, रंग नीट ओळखा. दोन्ही बाजूंनी दुधासारखा स्राव येत असेल तर दिवस राहिलेत का हे आधी बघतात. बाळाचं पिणं सुटल्यावरही वर्ष-दोन वर्षं थोडं दूध येऊ शकतं. थायरॉइड मंदावलं तर येतं. काही औषधांनीही येतं: उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्या, मानसिक आजारावरच्या आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या. ॲसिडिटीसाठी म्हणून आपण दुकानातून आणतो त्यातल्या काही गोळ्यांत डोम्पेरिडोन असतं, तेही प्रोलॅक्टिन वाढवतं. पण म्हणून चालू गोळी मनानं बंद करायची नाही हं, डॉक्टरांना विचारायचं. हिरवट-तपकिरी, चिकट स्राव चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास नळ्या रुंदावल्यानं येतो, त्रास बहुधा नसतो. पाजणाऱ्या आईचा स्तन लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप भरला तर ती सूज आहे. लवकर औषध घ्यावं आणि बाळाला पाजणं सहसा थांबवू नये, असं डॉक्टरच सांगतात.

काळजीचं कोणतं? न दाबता आपोआप येणारा, एकाच बाजूचा, त्यातही एकाच छिद्रातून येणारा, रक्ताचा किंवा पाण्यासारखा स्वच्छ स्राव. त्याबरोबर गाठ लागणं, बोंड नव्यानं आत ओढलं जाणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंडावर न बरं होणारं इसबासारखं चट्टं उठणं, काखेत गाठ येणं. ह्यातही प्रत्येक वेळी कर्करोग निघतो असं मुळीच नाही. पण तो नाही, हे डॉक्टरांनी सांगायचं, आपण ठरवायचं नाही. आणि पुरुषांनाही स्तनांचा कर्करोग होतो, शंभरात साधारण एक रुग्ण पुरुष असतो. बाबांनो, आजोबांनो, तुमच्या बनियनवर डाग पडला तर तो पानाचा आहे असं समजून सोडून देऊ नका.

चेंडू लागून किंवा काळी ब्रा घालून कर्करोग होत नाही. तो संसर्गानं पसरत नाही, आईच्या ताटात जेवलं, तिच्या कुशीत झोपलं तरी काही होत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आजारी आईजवळ मुलांना जाऊ न देणारी घरं मी पाहिली आहेत.

धोतऱ्याचं औषध

जुन्या काळी ह्या आजारावर शस्त्रक्रिया करायची म्हणजे माणसाला शुद्धीवर असतानाच धरून ठेवायचं. जपानमधल्या किई प्रांतात हानाओका सेइशू नावाचे वैद्य होते. त्यांना वाटे, दुखलं नाही तर बायका वेळेवर येतील. धोतरा, बचनाग आणि आणखी काही वनस्पतींचं मिश्रण ते वर्षानुवर्षं करून पाहत राहिले. त्यांच्या आईनं आणि बायकोनं ते स्वतःवर घेऊन पाहिलं आणि त्यात बायकोची दृष्टी गेली, असं सांगतात. १३ ऑक्टोबर १८०४ ह्या दिवशी त्यांनी हे औषध साठ वर्षांच्या एका बाईला पाजून तिला गाढ झोपवलं आणि तिच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ईथरची भूल देऊन झालेली प्रसिद्ध शस्त्रक्रिया १८४६ सालची, म्हणजे बेचाळीस वर्षांनंतरची! तेव्हा जपानची दारं बाहेरच्या जगाला बंद होती, त्यामुळं ही गोष्ट कुणाला कळलीच नाही. (धोतरा विषारी आहे. शाळेच्या कुंपणाजवळ उगवला असेल तर लांबूनच बघा.)

आपल्या मुंबईतली गोष्ट ह्याहून साधी आहे, पण मला ती जास्त आवडते. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयानं मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक मोठं काम सुरू केलं. डॉ. इंद्रनील मित्रा त्यात प्रमुख होते. ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हातानं बायकांचे स्तन तपासत. यंत्र नाही, मोठा डॉक्टर नाही. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. पुढं वीस वर्षं सगळ्यांची विचारपूस ठेवली आणि २०२१ साली निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्या वस्त्यांत ज्यांना कर्करोग झाला, त्यांतल्या शंभरातल्या ३७ जणींचा आजार फार पुढं गेलेला होता. दुसरीकडे ४७ जणींचा. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे लिहिलं. भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कर्करोग झाल्याचा अंदाज आहे. त्या आकड्यापुढं दोन शिकवलेले हात किती मोलाचे, ते तुम्हीच गणित मांडून बघा.

तिशी ओलांडलेल्या बायकांची अशी हातानं तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करायची योजना आहे. तुमच्या गल्लीत येणाऱ्या आशाताईंना विचारा, त्या दिवस नि ठिकाण सांगतील. मधल्या काळात आईनं अंघोळीच्या वेळी आपलं आपण लक्ष ठेवावं. परीक्षेसारखं ठरावीक पद्धतीनंच बघायला हवं असं नाही. आपलं नेहमीचं कसं आहे हे ओळखीचं असलं, म्हणजे बदल झाला की कळतो.

आणि डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर चिठ्ठी लिहायचं काम तुम्ही घ्या. अक्षर चांगलं काढा! डाग पहिल्यांदा कधी दिसला, कोणत्या बाजूला, रंग कसा, आपोआप येतो की दाबल्यावर, शेवटची पाळी कधी आली, आईच्या आईला, मावशीला किंवा आत्या-आजीला असा आजार झाला होता का. आईला बोलायला संकोच वाटला तर ती नुसती चिठ्ठी पुढं करेल. डाग पडलेला कपडा न धुता कागदात गुंडाळून बरोबर न्या, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, ॲसिडिटीचीसुद्धा.